जावयानं चढवलेला हंडा

ओतेंगनं तोंड उघडलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. शनिवारी बायकोबरोबर गाबोरोनीहून सासुरवाडीला, कान्येला, यावं, चहा प्यावा, सासूबाईंची विचारपूस करावी आणि रविवारी दुपारी जेवून परत फिरावं, एवढा साधा बेत होता. पण चहाच्या वेळी सासूबाईंनी समोरची बशी बाजूला सारली आणि सहज म्हणाल्या, "या अंगणात सेस्वा शिजून वर्ष झालं बघा."

"त्यात काय, आई! उद्या मी करतो," ओतेंग म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

सासूबाईंना सगळा मोहल्ला म्मासेगो म्हणतो, म्हणजे सेगोची आई. आणि सेगो ही ओतेंगची बायको. सासरे रासेगो मागच्या हिवाळ्यात गेले, तेव्हापासून म्मासेगोंचं जेवणावरचं मनच उडालं होतं. चिमणीनं टिपावेत तसे चार दाणे टिपायच्या. अंगावरचे झगे पिना लावून घट्ट करावे लागत होते. सेगो दर शनिवारी डबे भरभरून आणायची आणि रविवारी तेच डबे परत न्यायची. आणि सेस्वाचा तर प्रश्नच नव्हता. बाकी सारा स्वयंपाक बायका करतील, पण अंगणात हंडा चढवून बैलाचं मांस शिजवायचं आणि घोटायचं, हे आमच्याकडे पुरुषाचं काम. या घरातला एकुलता एक पुरुष तर गेलेला.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सेगोनं विचारलं, "तू कधी केलंयस सेस्वा?"

"दर लग्नात हंड्यापाशीच असतो की मी."

"असतोस. हात मागे बांधून."

(हे खरं होतं. हंड्याभोवती उभं राहून मान डोलवण्यात ओतेंगचा हात धरणारा माणूस गाबोरोनीत नव्हता.)

"त्यात आहे काय पण? मांस, पाणी, मीठ. कांदासुद्धा घालत नाहीत."

सेगो उठून बसली. "ऐक. आईनं वर्षात पहिल्यांदा स्वतःहून खायचं नाव काढलंय. ती उद्या जेवली पाहिजे, ओतेंग. बाकी मला काही माहीत नाही."

मग मात्र ओतेंगला झोप लागेना.

बहिणीचा निरोप आदल्या संध्याकाळीच मिळाल्यानं सकाळी उन्हं यायच्या आत मोलेफीमामा हजर झाले. म्मासेगोंचे सख्खे भाऊ, म्हणजे सेगोचे मामा, आणि मामाचा शब्द आमच्याकडे चर्चच्या घंटेहून मोठा. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या व्हॅनमधून मांस उतरवलं. आदल्या दिवशी गुरांच्या वाड्यावर कापलेल्या बैलाची मान, खांदा आणि नळ्या, सगळं हाडासकट. ओतेंग बघतच राहिला. ऑफिसात पाण्याची बिलं तपासणाऱ्या माणसानं इतकं मांस एका जागी कधी एकट्यानं सांभाळलेलं नव्हतं.

"रासेगोचा हंडा आज कोण चढवणार?" मामांनी विचारलं.

"मी, मामा."

बाजारात फसवून गळ्यात मारलेल्या वासराकडे बघावं, तसं मामांनी त्याच्याकडे बघितलं. "पोरा, रासेगोचं सेस्वा म्हणजे काय होतं माहिताय? मांस नव्हे, कापूस! तोंडात घातलं की माणूस स्वतःचं नाव विसरायचा. असा हात पुन्हा व्हायचा नाही."

"नाहीच व्हायचा," शेजारचे मोसेकीतात्या फाटकातून आत येत म्हणाले. तात्यांना मांसाचा वास शिजायच्या आधीच येतो. "रासेगोच्या हंड्यापुढे टोपी काढायचो आम्ही."

तरी ओतेंगनं तो तीन पायांचा लोखंडी हंडा आगीवर चढवला, त्यात मांस रचलं, पाणी ओतलं, मीठ घातलं आणि झाकण ठेवलं. आणि काय सांगावं! सूर्य मोरुलाच्या झाडावर येईतो अंगणाचं रूपच पालटलं. ना मसाला, ना फोडणी, तरी त्या वाफेत असं काही होतं की रस्त्यानं जाणारी माणसं फाटकापाशी पाऊल हळू करत होती. स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाचं पालेचे ढवळता ढवळता म्मासेगोही एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. खोल श्वास घेतला आणि आत गेल्या. ओतेंगला हंड्यापुढे हात जोडावेसे वाटले.

पण हंडा शिजू लागला की वडीलधाऱ्यांना चव बघावी लागते, आणि वडीलधाऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्यात तो जावई. जगात कुठे जावयाला पाटावर बसवून ओवाळत असतील तर असोत बापडे. आमच्याकडे जावई सासुरवाडीला आला की सरपणाच्या मोळीखाली दिसतो. सासरचा माणूस म्हणेल ते करायचं आणि वर हसायचं.

मामांनी झाकण उघडलं, चांगला तळहाताएवढा तुकडा काढला, चावला आणि म्हणाले, "मीठ कुठाय?" मूठभर मीठ हंड्यात गेलं. मामा सावलीत जाऊन बसले, तसे तात्या उठले. तेवढाच तुकडा काढून म्हणाले, "आळणी आहे रे," आणि त्यांचीही मूठ हंड्यात गेली. तात्यांनी चव बघितली म्हटल्यावर मामांना पुन्हा बघणं भाग होतं.

"मामा, तुम्ही मघाशी घातलंत मीठ," ओतेंग हळूच म्हणाला.

"मघाशी ते कच्चं होतं," मामा म्हणाले आणि तिसरी मूठ गेली.

दोघांची पाठ वळल्यावर ओतेंगनं रस्सा जिभेला लावला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं घाईनं हंडा काठोकाठ पाण्यानं भरला. तेवढ्यात मामा वळले.

"हे काय? मासे सोडणार आहेस का यात? आग वाढव, पाणी आटव!"

ओतेंगनं सगळी लाकडं हंड्याखाली लोटली. आग भडकली, झाकण थडथडायला लागलं. आता पाणी आटायच्या क्षणी हंडा उतरवायचा, असं तो स्वतःला बजावतच होता, की मामांची हाक आली. "जावई! व्हॅन चालू होत नाहीये, धक्का दे. पाहुण्यांना प्यायला गार काहीतरी आणतो."

"मामा, हंडा..."

"हंड्याला पाय असले तरी तो पळत नाही. चल!"

इकडे आड, तिकडे विहीर. ओतेंगनं धक्का दिला. व्हॅन दुकानापर्यंत ढकलली तरी चालू झाली नाही, चर्चपर्यंत ढकलली तरी नाही. टेकडीच्या उतारावर ती एकदाची खोकली, चालू झाली, आणि मामा हात हलवून निघून गेले. ओतेंग त्याच टेकडीवरून पळत परत आला. वास त्याला वाटेतच भेटला.

फाटकात सेगो उभी होती. तिचा चेहरा बघून तो थेट हंड्याकडे धावला.

हंड्यात पाण्याचा थेंब नव्हता. पण वरचं मांस, खरं सांगतो, अप्रतिम झालं होतं. हाडाला हात लावला की हाड आपणहून बाजूला होत होतं. करपलेलं सगळं तळाला होतं. शहाण्या माणसानं वरचं वरचं काढून घेतलं असतं. पण घाबरलेला माणूस शहाणा नसतो. ओतेंगनं हाडं काढली, लाकडी दांडका उचलला आणि सेगो "अरे, थांब!" म्हणेपर्यंत तळापर्यंत खुपसून सगळी ताकद लावून घोटायला सुरुवात केली. लग्नात त्यानं एवढंच नीट पाहिलं होतं. थोड्याच वेळात हंडाभर मांस मऊसूत झालं आणि त्यात काळ्या रेघा सगळीकडे सारख्या पसरल्या.

मामा बाटल्या घेऊन परतले, तोवर ताटं मांडली होती. पालेचे, मोरोगोची पालेभाजी आणि ते सेस्वा. मामांनी घास घेतला आणि लगेच बाटली उघडली. तात्या ढगांकडे बघत चावत राहिले. ओतेंगला वाटलं, आपण आत्ताच गाबोरोनीला चालत निघावं.

म्मासेगोंनी चिमूटभर सेस्वा पालेचेला लावून तोंडात घातलं. आणि थांबल्या. त्यांचे डोळे मिटले आणि गालावरून पाणी ओघळलं.

ओतेंग धावलाच. "आई, राहू द्या. खारट झालंय, मला माहिताय. मी दुसरं काहीतरी..."

"ताटाला हात लावू नका!"

म्मासेगो जेवायला लागल्या. घासामागून घास. ताट संपलं तसं त्यांनी ते सेगोपुढे धरलं आणि आणखी मागितलं. पिना लावलेल्या झग्यातली ती बाई मान खाली घालून, बोटं चाटत, पोटभर जेवत होती, आणि अंगणात कुणी हलत नव्हतं. सेगो तर डाव हातात घेऊन तशीच उभी. देवळात कौल मिळाल्यासारखा ओतेंग सासूबाईंकडे बघत होता.

"अगदी यांच्या हातचं," म्मासेगो शेवटी म्हणाल्या.

मामांना राहवेना. "रासेगोच्या? अगं, त्याचं सेस्वा म्हणजे..."

"खारट आणि करपलेलं," म्मासेगो म्हणाल्या. "तू कमी खाल्लंयस का, मोलेफी? हंडा चढवायचे आणि फाटकापाशी बैलांच्या गप्पा मारत बसायचे. जन्मभर भांडले मी त्यावरून. गेले, तेव्हा वाटलं, आता मला कोण करपवून घालणार?"

मामांनी खाली बघितलं. "मेलेल्या माणसाच्या हंड्याला नावं कशी ठेवायची, ताई?"

त्यावर म्मासेगो हसल्या. वर्षभरात त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. सेगो एकाच वेळी रडायला आणि हसायला लागली, तात्यांनी तर टोपीच काढली, आणि ओतेंगची छाती फुगून शर्टाची बटणं ताणली गेली.

"मग आई, पुढच्या रविवारी पुन्हा चढवतो हंडा!"

"चढव, चढव," मामा उदार होऊन म्हणाले. "या खेपेला मी शेजारी बसतो. पोरगा हुशार आहे. दोनतीनदा दाखवलं की शिकेल."

म्मासेगोंनी सेगोच्या हातातला डाव घेतला आणि भावावर रोखला.

"खबरदार, मोलेफी! नशिबानं एवढा गुणी जावई मिळालाय. शिकवून त्याचा हात बिघडवलास तर याद राख."