तुटल्याची नोंद नाही

मानपाड्याच्या गुणाजी भोईरांची मुलगी संचिता हिचा धवला शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मोबाइलद्वारे संपन्न होईल, असे घरच्या बैठकीत एकमताने ठरले. धवला, म्हणजे हळदीचे गाणे, गाणाऱ्या रखमाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्या टिटवाळ्याला लेकीच्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर होत्या, आणि लिफ्टला चढण्याउतरण्याचा परवाना अद्याप मिळालेला नव्हता.

धवल्यात घरातून गेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलवायचे असते. आई, शालू, गेली तेव्हा संचिता दोन वर्षांची होती. आईचा आवाज तिला आठवत नव्हता. शालूच्या लग्नातही रखमाबाईच गायल्या होत्या. त्यांच्या तोंडून, अंगाला हळद लागताना, आईचे नाव ऐकायचे, एवढा एकच हट्ट संचिताने धरला होता. लग्नातले बाकीचे सर्व हट्ट तिचा भाऊ मितेश याचे होते.

मितेशने मांडवात मोठा पडदा लावला, आणि परिसरातले सर्वांत वेगवान वायफाय बसवून घेतले.

"साधा फोन लाव ना रं," धाकूकाका म्हणाले. "कानाला लावला का झाला."

"काका, साध्या फोनला काय स्पीड असतो?" मितेश म्हणाला. काकांनी आपला बटणांचा फोन उलटून पाहिला. त्यावर स्पीड कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून विषय मंजूर झाला.

पडद्यावर रखमाबाई आल्या. डोळे मिटले.

*पयला मान गो गनरायाला,*
*दुसरा मान गो गावदेवीला,*
*तिसरा मान...*

आणि रखमाबाई गेल्या. पडद्यावर एक चाक फिरू लागले. धवला मध्ये तुटला तर पहिल्यापासून घ्यायचा, हा रखमाबाईंचा नियम. त्यामुळे गणरायाला दुसऱ्यांदा आमंत्रण गेले, मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी रखमाबाई म्हणाल्या, "आता देव पन इचारल, का गो बाय, मी दारातच उबा हाय ना!"

कंपनीला फोन केला. कनिष्ठ जोडणी समाधान अधिकारी रत्नदीप, गळ्यात ओळखपत्र घालून, जातीने हजर झाला. त्याने वेग मोजला.

"तीनशे. एकदम हिरवा."

"पन तुटतंय ना!" गुणाजी म्हणाले.

"तुटायच्या आधीचं मोजलंय काका. तुटल्यावर मोजता येत नाही, मोजायला नेट लागतं." मग त्याने समजावले, "तुमचा फोन 'वेग'वर आहे. वेगात फोन सतत जास्त चांगलं नेटवर्क शोधत राहतो. दिसलं की हातातलं सोडतो."

"म्हंजे आमचे मितेशसारका," धाकूकाका म्हणाले. "सा पोरी बगल्या, अजून शोदतंय."

मांडव हसला. मितेशने वायर तपासायला घेतली.

"दुसरा असतो 'भरवसा'," रत्नदीप म्हणाला. "त्यात फोन सोडतच नाही."

"नेट गेलं तरी?" संचिताने विचारले. तिच्या गालावरची हळद वाळून तडकू लागली होती.

"गेलं तरी. दोन्हीकडे शेवटचं चित्र आणि 'जोडलेले' असंच दाखवत राहतो. तुटल्याची नोंदच होत नाही ताई. तक्रारी एकदम शून्यावर आल्यात आमच्या."

दोन्हीकडच्या फोनवर भरवसा चालू करण्यात आला. रखमाबाईंनी पाचव्यांदा डोळे मिटले. गणराया आला, गावदेवी आली, आणि मग रखमाबाईंचे ओठ अर्धे उघडे राहिले. वर हिरव्या अक्षरांत 'जोडलेले' असे होते. त्यामुळे कोणी हलले नाही. सव्वीस मिनिटे मांडव त्या अर्ध्या उघड्या ओठांसमोर अदबीने बसून राहिला.

शेवटी संचिताच उठली. तिने पिवळ्या हातांनी काकांचा बटणांचा फोन घेतला आणि टिटवाळ्याला लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"आजी, आवाज गेला होता गं. परत घे ना."

"परत?" रखमाबाईंचा आवाज स्वच्छ, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. "पुरा झाला ना धवला! आन काय माणसा गो तुमची! चालीस वरसा गातंय, कोनी भांडी वाजवतंय, कोनी फोटो काडतंय. आज पयल्यांदा बगितला, येक पन मानूस हलला नाय. मना तर रडूच आयला."

"आयचं नाव घेतलंस?"

"तीनदा घेतला. तुजेकरं बगूनच घेतला. तू पापनी पन नाय हलवलीस."

एका नवरीला धवला एकदाच, हाही रखमाबाईंचाच नियम होता.

तेवढ्यात टिटवाळ्याच्या फोनने विचारले, कॉलचा दर्जा कसा होता? रखमाबाईंनी नातीकडून, ऐश्वर्याकडून, पाचही तारे दाबून घेतले.

वाचकहो, मान हलवून हळहळू नका. तुमच्याही घरी एक म्हातारी रोज काहीतरी सांगत असते, आणि हातातल्या फोनवरून नजर न उचलणारा तुमचा चेहरा तिला असाच एकाग्र वाटतो. तिथे तर नेटवर्कही पूर्ण असते.