मोठे जावई गाडीतून उतरेनात

घरात शुभकार्य निघालं की मोठ्या जावयानं एकदा तरी रुसायचंच, अशी वऱ्हाडातली रीत. अमरावतीचे गजेंद्र मास्तर मात्र लग्न झाल्यापासून कधीच रुसले नव्हते आणि त्याचा त्यांना भारी अभिमान! आज धाकट्या मेव्हणीचा, अवनीचा साखरपुडा. नेमका आजच हा लौकिक धोक्यात आला, आणि तोही गाडीपायी.

गाडी पळताना ठीक पळायची, पण उभी केली की थंडीताप भरल्यासारखी थडथडायची. रेसवरचा पाय काढला की बंद, अन् बंद पडली की धक्का मारल्याशिवाय चालू होईना. अकोल्याच्या जुन्या शहरात, सासऱ्यांच्या चिंचोळ्या गल्लीत ती कशीबशी पोचली. बायको, प्रणाली, उतरून आत गेली. मास्तरांनी मेकॅनिकला फोन लावला.

"बंद नका करू सर, गल्ली जाम होईन. आलोच मी," तो म्हणाला.

मास्तर रेस दाबून बसले. आत नवरदेवाकडची मंडळी येऊन बसली होती. कुणीतरी विचारलं, "मोठे जावई कुठं हायेत?" उत्तर आलं, "गाडीतच बसून हायेत. उतरून नाही राह्यले." झालं! सासरे भगवंतराव धावत बाहेर आले.

"जावाईबापू, काय चुकलं आमचं?"

"काही नाही मामाजी, गाडी थडथडून राह्यली. पाय काढला की बंद पडते."

"समजलं मले. तुमाले न इचारता तारीख काढली, तेच ना?"

हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात चुलतसासरे खुशालराव भज्यांची प्लेट घेऊन आले. त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "प्लग कचरले असतीन. अन् दिवाळीत तुमाले देल्ला तो शर्टपीस आमालेच आहेरात आला होता, ते मनात नका ठेवू बापू."

मग पदर सावरत सासूबाई, रुख्मिणीबाई. "पेट्रोलात पानी असन. पन धोंड्याच्या जेवनात तुमच्या वाट्याचे अनारसे मीच झाकून ठेवले होते, मले माफ करा."

आता मात्र मास्तरांना खरोखरच राग यायला लागला. अनारसे? माणसानं किती सोसावं!

शेवटी प्रणाली तणतणत आली. "अहो, तिकडं अंगठी थांबली तुमच्यापायी! अवनी रडून राह्यली. मोठा जावई आल्याबिगर बाबा पुढचं काही करूच देत नाहीत."

"अव, मी रुसलो नाही! म्हंजे, आधी नव्हतो रुसलो!"

इतक्यात मेकॅनिक आला. बॉनेट उघडून त्यानं एक रबरी पाइप जागेवर खोचला. "हा निसटला होता सर. इंजिन भलतीकडून हवा ओढे." गाडी क्षणात शांत झाली. मास्तर उतरले, तसा ओसरीत गलका उठला, "रुसवा गेला!" शाल आली, टोपी आली, सगळ्यांत पुढची खुर्ची आली आणि अनारशांचं अख्खं ताट आलं. अवनीच्या बोटात अंगठी गेली. डोळे पुसत ती हसली, तेव्हा कुठं मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

नवरदेवाकडचे मोठे जावई मनोजराव हा सगळा थाट कोपऱ्यातून पाहत होते. पंगत बसायच्या वेळी त्यांचा पाट रिकामा दिसला. भगवंतराव घाबरून मास्तरांच्या कानाशी लागले. "ते गाडीत जाऊन बसले हो! तुमीच जा, तुमाले यातलं समजते."

मास्तर गेले. काचेवर टकटक केली. "काऊन मनोजराव, गाडी थडथडून राह्यली काय?"

मनोजरावांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"चालूच नाही केली मी."