कासवाच्या नाण्याचे अधिकृत छायाचित्र

वस्तुसंग्रहालयाच्या नाणे विभागात एक नाणे होते आणि त्या नाण्याचा फोटो नव्हता. ही गंभीर बाब मुख्यालयाच्या लक्षात आली आणि आदेश निघाला, की ज्या वस्तूचे सुस्पष्ट छायाचित्र वार्षिक तपासणीपूर्वी सादर होणार नाही, ती निर्लेखित करून भंगारात जमा करण्यात यावी.

नाणे तांब्याचे, करंगळीच्या नखाएवढे. त्यावर एक कासव मान वर करून चालले होते आणि त्याच्या पाठीवर तिरका ओरखडा होता. विभागप्रमुखांना सगळे कार्यालय नाणेकाका म्हणे. काकांचा त्या कासवावर फार जीव. सकाळी कुलूप उघडले की आधी ते डबी उघडून कासव जागेवर आहे ना हे बघत आणि मगच हजेरीची सही करत. आदेश वाचून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

त्या गडबडीत दुसऱ्या दिवशी ते चष्मा घरीच विसरून आले. तो द्यायला आलेल्या त्यांच्या बायकोने सगळे ऐकून घेतले, नाणे खिडकीच्या उजेडात ठेवले, काकांचे भिंग आपल्या फोनपुढे धरले आणि फोटो काढला. कासवाचे डोळेसुद्धा दिसत होते.

काकांनी चष्मा लावून फोटो पाहिला. मग म्हणाले, "हा चालायचा नाही."

"का? कासव दिसत नाही का?"

"दिसतंय की. पण तुझा फोन कार्यालयाच्या मालमत्तेत नाही. घरगुती फोटो झाला हा."

"बरं झालं, माझं लग्न तरी कार्यालयाच्या कॅमेऱ्यानं लागलं नाही," असे म्हणून ती निघून गेली.

काकांनी रीतसर मागणी नोंदवली: जवळून फोटो काढता येईल असा डिजिटल कॅमेरा, सोबत त्यासाठीची छोटी लेन्स. खरेदी अधिकाऱ्यांना फोटोतले काही कळत नव्हते, पण मोजपट्टी वापरता येत होती. त्यांनी दोन लेन्स टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"काका, किंमत दोन्हींची सारखीच. ही वीतभरसुद्धा नाही आणि ही बघा, चांगली हातभर. प्रति सेंटीमीटर दर काढला तर तुमची छोटी चौपट महाग पडते. लेखापरीक्षणात मी काय उत्तर देऊ?"

"अहो, ती लांबचं बघायला असते. झाडावरचे पक्षी वगैरे."

"जिला लांबचं दिसतं तिला जवळचं दिसणार नाही? उलट जवळचं सोपंच की."

नाही म्हटले तर खरेदीचे घोडे पुढच्या वर्षापर्यंत अडणार होते. शिवाय, खरे सांगायचे तर, शेजारच्या प्राणी विभागाच्या प्रमुखांकडे बोटभर लेन्सचा कॅमेरा होता. हातभर लेन्स गळ्यात घालून आपण त्यांच्या दारावरून जातो आहोत, असे चित्र काकांच्या डोळ्यांपुढे आले आणि ते सही करून मोकळे झाले.

लेन्स खरोखर उत्तम होती. समोरच्या इमारतीतल्या लेखापालांच्या चहात पडलेली माशी तिने पायांसकट टिपली. फक्त जवळचे काही दाखवायला ती तयार नव्हती. नाणे नीट दिसावे म्हणून काका मागे मागे सरकत कपाटाला टेकले, मग दाराबाहेर गेले आणि शेवटी व्हरांड्याच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले. तिथून नाणे दिसले, पण मोहरीएवढे.

महागडा कॅमेरा चुकीचा आहे असे लिहिणे कुणालाच परवडणारे नव्हते. त्यामुळे अहवालात लिहिले गेले, की कॅमेरा निर्दोष असून नाणे आवश्यक आकारापेक्षा लहान आहे.

"मग नाणं मोठं करून घ्या," संचालिका बाई म्हणाल्या आणि पुढच्या फाइलीकडे वळल्या.

मूर्तिकाराने प्लास्टरचे ताटाएवढे नाणे घडवले आणि त्याला तांब्याचा रंग दिला. कासवाच्या पाठीवरचा ओरखडा त्याने आपल्या मनाने बुजवून टाकला. फोटो देखणा आला. नियमाप्रमाणे काकांनी शेजारी मोजपट्टीसुद्धा ठेवली होती. 'मूळ नाण्याचे छायाचित्र' या ओळीखाली त्यांनी सही ठोकली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

तपासनीस आले. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात डबी.

"हे नाणं ते नाही. फोटोतलं ताटाएवढं आहे, पट्टी बोलतेय. आणि त्याच्यावर ओरखडा नाही. ते नाणं कुठाय?"

ताटाएवढे नाणे आणले गेले. तपासनिसांनी पट्टी लावली आणि समाधानाने मान हलवली.

"साहेब, ते प्लास्टर आहे," काका घाईने म्हणाले. "खरं नाणं डबीत आहे."

"असं? म्हणजे फोटोखालची तुमची सही खोटी. मग तुमची चौकशी लावावी लागेल आणि निवृत्तिवेतन थांबेल." तपासनीस आवाज न चढवता म्हणाले, "दोघांपैकी एक खोटं आहे, काका. सही का नाणं?"

काकांनी डबीकडे पाहिले. कासव मान वर करून चालले होते. काकांना ढसाढसा रडावेसे वाटले.

"नाणं," ते म्हणाले.

कासव त्याच दिवशी भंगारात गेले. ताटाएवढे नाणे मुख्य दालनात काचेआड बसले आणि त्याच्यावर पहारा लागला. आता तिथे रांग असते. काका कधी कधी त्या काचेजवळ जाऊन उभे राहतात. काही बोलावे असे त्यांना वाटते, तेवढ्यात कुणीतरी म्हणते, "काका, जरा सरका ना, फोटोत येताय."

फोटो तुम्हालाही आलाच असेल. तुम्ही तो मोठा करून पाहिलात, 'अप्रतिम' म्हणून चार जणांना पुढे पाठवलात. ताटाएवढे नाणे कोणत्या माणसाच्या खिशात मावत असेल, हे मात्र त्या रांगेत कुणी विचारले नाही आणि तुम्हीही नाही.