सामानापाशी भास्करराव

रिया, कबीर,

हे मी मराठीतच लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा. रिया, पुढच्या महिन्यात तू शाळेतर्फे तीन आठवडे परदेशात एका अनोळखी कुटुंबात राहायला जाणार आहेस. परक्या घरी नीट कसं वागायचं, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी तुला पाच सूचना सांगितल्या. फोन ठेवल्यावर वाटलं, सूचना देण्याऐवजी शेजारच्या भास्कररावांबद्दल सांगायला हवं होतं.

भास्कररावांनी ताजमहाल पाहिलेला नाही. तसा तो पुष्कळांनी पाहिलेला नसतो. पण भास्करराव ताजमहालाच्या फाटकापर्यंत गेले होते. आमची दोन्ही कुटुंबं मिळून आग्र्याला गेली, तेव्हा ते फाटकाबाहेर एका झाडाखाली बसले, सगळ्यांच्या पिशव्या स्वतःभोवती मांडल्या आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी सामानाजोळ बसतो." नागपूरला परतल्यावर कॉलनीत कोणी विचारलं, ताजमहाल कसा आहे, तर सांगत, "बाहेर सावली चांगली आहे."

जन्मभर त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली. त्यामुळे जगातली हरेक वस्तू त्यांच्या लेखी 'नग'. सहलीला निघताना प्रत्येक पिशवीला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर क्रमांक घालतात. लग्नाला गेले की वऱ्हाडाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतात, मग ते वऱ्हाड ओळखीचं असो वा नसो. गेल्या वेळी तुम्ही आलात तेव्हा विमानतळावर त्यांनी 'कसे आहात' विचारायच्या आधी 'नग किती?' विचारलं होतं. तुमचा बाबा म्हणाला पाच. त्यांनी मोजले सहा. कबीर, तू ट्रॉलीवर सुटकेसला टेकून झोपला होतास.

ही नोकरीची सवय, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांची बायको नलू माझी मैत्रीण. तिला जाऊन तीन वर्षं झाली. ती होती तेव्हाही ते असेच बाहेर बसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांची नात तन्वी शाळेच्या अदलाबदलीत हॅम्बुर्गला गेली. ज्या घरी ती राहिली, त्यांनी तिला बंदर, मनोरे, संग्रहालयं, सगळं शहर पायाखालून घालायला लावलं. भास्कररावांनी फोनवर तिला एवढंच विचारलं, "नेले तितके नग जाग्यावर आहेत ना?" महिन्याभरानं त्या घरची मुलगी, लेना, सोळा वर्षांची, इकडे राहायला आली. भास्कररावांचा मुलगा मिहानमधल्या कंपनीत, सून बँकेत, तन्वीची परीक्षा. लेनाला नागपूर दाखवायचं काम आजोबांवर आलं. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून दुभाषी मी. मी चांगल्या अक्षरात वेळापत्रक केलं. भास्कररावांनी नगांना क्रमांक घातले.

पहिल्या दिवशी दीक्षाभूमी. लेना आणि मी आत, भास्करराव बाहेर चपलांपाशी. दुसऱ्या दिवशी विज्ञान केंद्र. आम्ही आत, ते फाटकाशी. फुटाळा तलावाला फाटक नाही, तिथे त्यांची पंचाईत होईल असं मला वाटलं. पण ते तलावाकडे पाठ करून बाकावर बसले आणि पिशव्यांकडे पाहत राहिले.

तन्वीचं ऐकून लेनाही भास्कररावांना आबा म्हणू लागली होती. चौथ्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, आबांना या ठिकाणी बंदी आहे का? मी हे भास्कररावांना सांगितलं, तेव्हा हसून हसून त्यांना चष्मा काढावा लागला.

लेनाची अडचण मात्र खरी होती. तिच्या शाळेला एक कागद भरून द्यायचा होता. यजमानाबरोबर पाहिलेली एक जागा, दोघांचा तिथला फोटो आणि खाली चार ओळी. मी सुचवलं, कुठल्याही फाटकाशी दोघांचा फोटो काढू. ती म्हणाली, एकत्र पाहिलेलंच नाही, तर तसं लिहिणं खोटं होईल. मला मुलगी आवडली. आठवडाभर तिनं आबांना आत नेण्याचा चंग बांधला, हात धरून ओढलं, रुसून पाहिलं. ते आपले एकच वाक्य म्हणत, "तू जाऊन ये वं पोरी."

शेवटच्या रविवारी आम्ही रामटेकला गेलो. गडावरच्या मंदिराच्या पायऱ्यांच्या तळाशी वानरांची फौज बसलेली, त्यामुळे भास्कररावांना आयतंच कारण मिळालं. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, आणि ते बसायच्या आत लेनाच पिशव्यांच्या मधोमध मांडी घालून बसली. माझ्याकडे वळून तिनं सांगितलं, आज मी सामान सांभाळणार, आबा वर जातील.

भास्करराव गडबडले. पाहुणीला सामानाजवळ बसवून आपण देव पाहायचा, हे त्यांना कसं पटावं? त्यांनी तिला चिवड्याचं आमिष दाखवलं. ती हलली नाही. माझ्याकडे पाहिलं, मी हलले नाही. जाणारेयेणारे थांबून बघू लागले. मग ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "वहिनी, तिले सांगा. मी वर जाऊन काय करू? पाहून आल्यावर सांगू कोणाले?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"नलू जायची, अन् येऊन मले सांगायची. तिनं सांगितलं का मले दिसायचं. तिच्यावाणी मले पाहताच येत नाही." एका पिशवीची सुतळी आवळत म्हणाले, "आता सारे फोटो दाखवून राहिले. सांगत कोणी नाही."

तेव्हा मला आग्रा आठवलं. आम्ही सगळे चहाला गेलो आणि नलू मात्र झाडाखाली, त्या पिशव्यांच्या घोळक्यात बसून, हातवारे करत अर्धा तास बोलत होती. गाडीची वेळ होत होती, म्हणून मी दोनदा घड्याळ दाखवून तिला हाक मारली होती. प्रत्येक सहलीत मी हेच केलं. नवऱ्याशी इतकं काय बोलायचं असतं, असं मला वाटे.

मी लेनाला सगळं इंग्रजीत सांगितलं. ती उठली, पँट झटकली आणि एकटीच पायऱ्या चढून गेली.

तासाभरानं लालबुंद चेहऱ्यानं परत आली, ती थेट त्यांच्यासमोर बसली. तीन आठवड्यांत शिकलेलं मराठी, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी आणि उरलेलं सगळं हातापायांनी, असं तिचं सांगणं सुरू झालं. मी मदतीला पुढे सरकले, तर भास्कररावांनी हातानंच थांबवलं.

"राहू द्या वहिनी. समजून राहिलं मले."

तिनं कापणी झालेली धानाची शेतं सांगितली, दूरचा तलाव सांगितला, वारा कुठल्या बाजूनं येत होता ते सांगितलं. वराहाची मोठी मूर्ती सांगताना ती उठली. त्या मूर्तीच्या पोटाखालून लोक सरपटत जातात आणि पापी माणूस अडकतो, असं म्हणतात. लेना साडेपाच फुटांच्या वर, खांदे पोहणाऱ्या मुलीचे. तिनं तिथेच रस्त्यावर पालथी पडून, आपण कशा अडकलो आणि दोन बायकांनी आपल्याला पाय धरून कसं ओढलं, ते करून दाखवलं.

"अडकली?" भास्करराव म्हणाले. "पापी आहेस तू वं पोरी. मग? त्या बायका काय म्हणाल्या?"

बायका काय म्हणाल्या, मंदिराचा दगड हाताला कसा लागला, आत अंधार किती होता, ते एकेक विचारत गेले. डोळे तिच्या हातांवर. तेवढ्यात एका वानरानं तिसऱ्या क्रमांकाची पिशवी उचलली आणि चिवड्यासकट झाडावर नेली. मी पाहिलं. मी, जी कोणाच्या चमच्याचं टोक वाकडं दिसलं तरी बोलते, गप्प बसले. या वेळी घड्याळही पाहिलं नाही.

संध्याकाळी लेनानं कागद भरला. फोटो मी काढला होता, पायथ्याशी पिशव्यांमध्ये बसलेले दोघं, मागे गड. खाली तिनं लिहिलं होतं, 'आम्ही रामटेक एकत्र पाहिलं.' हे खरं आहे का, असं मी तिला विचारलं नाही.

तर रिया, जा आणि खूप पाहा. पाहिलेलं त्या घरातल्या कोणालातरी बसून सांग, भाषा तोडकीमोडकी असली तरी.

भास्करराव अजूनही कुठेच आत जात नाहीत. लेना दर रविवारी दुपारी त्यांना फोन करते आणि तिच्या शहरातली एक जागा सांगते.

तुमची आजी