पत्र्याला विचारणारे आप्पा

आप्पा इंगवले कुणाच्याही घरी गेले, की माणसांआधी पत्र्याची विचारपूस करत. ट्रंक दिसली की मार टिचकी, बंब दिसला की मार टिचकी. एका लग्नात सगळे रुखवत बघत होते, तर आप्पा लाडवांच्या डब्याला कान लावून बसले होते. "लईच पातळ हाय," त्यांनी मोठ्यानं निकाल दिला. विहीणबाईंनी तो स्वतःच्या मानपानाला लावून घेतला. पंगत उठायचीच बाकी राहिली होती!

संस्थान विलीन झाल्यानंतर थोड्याच दिवसांत मी गडहिंग्लजच्या शाळेतून बदली होऊन कोल्हापुरात आलो. आप्पा माझे शेजारी. एरवी जकात नाक्यावर कारकून. सुटीच्या दिवशी मागच्या पडवीत त्यांचा कारखाना चाले. नव्या बिऱ्हाडात पिठाला डबा हवा, म्हणून मी घासलेटचा रिकामा डबा घेऊन गेलो. वर गोल तोंड पाडायचं, एवढंच काम.

आप्पांनी गोणपाटावर हत्यारं मांडली आणि एकेक डब्यासमोर धरून बघू लागले.

"करवत लावली तर ह्यो थरथरतोय नि फाटतोय. सरळ कात्री गोलात वळंना. छिन्नीला घाई फार."

"मग वाकडी कात्री घ्या," मी म्हणालो.

"मास्तर, गडबड करू नका. पत्र्याला विचारू या की."

पत्र्याला विचारता विचारता दोन चहा झाले. शेवटी पत्र्यानं वाकडी कात्रीच मागितली! पण कापलं मात्र असं, की भोपळ्याची साल निघावी तशी पट्टी सुटत गेली. मग कड दुमडली, ठोकली, कानस फिरवली. मी खूश होऊन डबा उचलला.

"ठेवा खाली!" आप्पा ओरडले. डब्याची कड स्वतःच्या गालावरून फिरवून त्यांनी आत हाक मारली, "अगं, जरा ये."

काकू भिंतीला हात लावत, पावलानं अंदाज घेत आल्या. त्यांना दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"हिनं हात फिरवल्याबिगर डबा भाईर जात न्हाय," आप्पा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "पयला डबा हौसेनं हिच्यासाठीच केलता. छिन्नीनं, घाईघाईत. हिचा हात कापला. हिला दिसत न्हाय, मास्तर. पर मला दिसत हुतं न्हवं?"

"किती वर्सं त्येच सांगणार?" काकू हसल्या. "मास्तर, ह्यांचं मनावर घेऊ नका."

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. आप्पा त्या बोटाकडे टक लावून बघत होते.

"गुळगुळीत हाय," काकू म्हणाल्या.

"परत एकदा बघ की," असं म्हणून आप्पांनी काकूंचं बोट हातात धरलं आणि स्वतःच ते कडेवरून सावकाश फिरवू लागले.