एक नंबरचे बटण आणि साडेसातच्या मालिकेची मोहीम

अखंडित-वीजपुरवठा-अलंकृत, रिमोटधारी, सोफाधिष्ठित राजमान्य राजेश्री समस्त प्रेक्षक मंडळी यांचे सेवेसी विनंती ऐसीजे. आपण पुसिले की, आपल्या शहरी साडेसातची मालिका दुपारी अडीच वाजता लोटली जाणार होती, ती कोणाच्या पराक्रमे जागची हलली नाही. त्यावरून, जे डोळ्यांनी पाहिले आणि जे स्वयंपाकघरातून कानी आले, ते पदरचे न घालता लिहिले आहे. चष्मा दोन वेळा पुसून लिहिले आहे, तरी न्यूनाधिक गोड करून घ्यावे.

पूर्वकाळी मुलखात वाहिनी एकच होती, आणि अवघ्या इमारतीत टीव्ही एक होता, तोही लाकडी दारांचा, कुलूपबंद. संध्याकाळी ती दारे उघडत, आणि मग चारही मजल्यांची फौज सतरंजीवर येऊन बसे, आणि चित्रास मुंग्या आल्या की एक जवान गच्चीवर चढून अँटेना फिरवी आणि वरून ओरडे, "आलं का?" आणि खालून सारा दरबार ओरडे, "आलं, आलं... गेलं!" त्या काळी कोण काय पाहतो हे मोजण्यास यंत्र लागत नसे. दाराबाहेरच्या चपला मोजाव्या, झाले. पिकांवरील कीड असो की परदेशी शिष्टमंडळ, चपला तितक्याच. लोक दिसेल ते पाहत आणि त्यास आवड म्हणत.

मग काळ फिरला. वाहिन्या शेकड्यांनी माजल्या, आणि शहराशहरांची नजर वेगळी झाली. पलीकडच्या शहरी जी मालिका अव्वल, ती आमच्या शहरी रसातळास. जाणते लोक वर्तमानपत्रांत लिहीत की, त्या शहरास समुद्र आहे म्हणून तिथली माणसे हळवी. आमच्या शहरास कारखाने आहेत म्हणून इथली रुक्ष. हे वाचून आम्हांसही काही काळ रुक्ष वाटू लागले.

त्या मालिकेची कथा अशी की, एका शिंपीणबाईचा नवरा बोटीवर गेला, आणि जाताना अर्धा बेतलेला कोट मागे ठेवून गेला, आणि बाईने पण केला की कोट पुरा होईल तेव्हा तो येईल. मालिकेस तीन वर्षे झाली होती आणि एक बाही जोडून झाली होती.

आमच्या तिसऱ्या मजल्याच्या घरी ही मालिका पाहणाऱ्या खाशा आईसाहेब. त्यांची धाकटी बहीण, मावशीसाहेब, पलीकडच्या शहरी राहत. दोघींची रीत अशी की, साडेसातास दोन मिनिटे कमी असता फोन लावावा, तो सोफ्याच्या हातावर उताणा ठेवावा, आणि मग दोन शहरांत दोघींनी मिळून मालिका पाहावी. मालिका चालू असता कोणी अवाक्षर काढू नये. जाहिरात लागताच बोलावे. दिवसभराची सुखदुःखे, डॉक्टरचे निरोप, सुनांची गाऱ्हाणी, सगळे जाहिरातींच्या अवकाशात. लग्ने होऊन दोघी दोन दिशांस गेल्या त्यास बावन्न वर्षे झाली होती, आणि रोज भेट होते ऐसा हा एकच अर्धा तास होता.

ऐशात एके सायंकाळी पडद्याच्या तळाशी पट्टी फिरली की, एक तारखेपासून ही मालिका आपल्या शहरी दुपारी अडीच वाजता. जाहिरात लागली आणि मावशीसाहेबांचा आवाज आला, "ताई, खाली काही आलं का गं तुझ्याकडे?"

"आलं."

"माझ्याकडे नाही आलं."

"तुझ्याकडे कशाला येईल? तुमचं शहर हळवं आहे ना."

मावशीसाहेब पाळणाघर चालवीत. दुपारी अडीचला चौदा पोरे निजवण्याचा त्यांचा समय, तेव्हा फोन वाजला तर चौदाच्या चौदा जागी. आणि तिथे मालिका साडेसातलाच राहणार. मग एकत्र पाहणे कैचे? आईसाहेबांनी त्या दिवशी जेवताना दोनदा मीठ वाढून घेतले आणि ध्यानी आले नाही.

आता डब्याचा वृत्तांत लिहितो. प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीने शहरात मोजकीच घरे निवडून टीव्हीस एकेक डबा जोडिला होता, आणि त्यात आमचे घर होते. एक डबा म्हणजे चाळीस हजार घरांचा वकील. आमच्या घरी एक माणूस पाही, तर शहरात चाळीस हजार पाहतात ऐसे धरावे. डब्यासोबत एक छोटे रिमोट, त्यावर बटणे. एक नंबर आबासाहेबांचा, जे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त. दोन आईसाहेबांचा. तीन चिरंजीव, जे लिफ्टदुरुस्तीचे सरदार. चार सूनबाई, आणि पाच नात, वय वर्षे आठ. यांतले एक बटण लिहिणाऱ्याचेच, कोणते ते पुसू नये. ज्याने टीव्हीपुढे बसावे त्याने आपले बटण दाबावे, आणि उठताना पुन्हा दाबावे, म्हणजे बसल्याची आणि उठल्याची नोंद पडावी.

परंतु आमच्या घराची शिस्त निराळी. पहिला चहा आबांचा, पहिले वर्तमानपत्र आबांचे, आंघोळीस पहिले गरम पाणी आबांचे. तेव्हा बटणही आबांचे, यात कोणास नवल वाटले नाही. टीव्हीपुढे जो जाई तो एक नंबर दाबी आणि बसे. रिमोटास आईसाहेबांनी प्लास्टिकची पिशवी घालून रबर लाविले होते. त्या प्लास्टिकास एकाच्या जागी भोक पडले होते, आणि दोन ते पाच कोरे करकरीत चमकत होते. आबासाहेब मात्र पाच ते आठ बागेतल्या बाकावर चार मित्रांसह बसत आणि टीव्हीचे तोंडही पाहत नसत.

पट्टी फिरल्याच्या तिसऱ्या दिवशी कंपनीचे मीटरवाले तपासणीस आले. हाती टॅब, तोंडी अदब. त्यांनी आबासाहेबांस नमस्कार केला आणि पुसिले, "आजोबा, एक खात्री करायची होती. तुम्ही रोज पाच ते साडेसात कार्टून बघता, बरोबर?"

आबासाहेबांच्या हातून बिस्किट चहात बुडाले. "कोण म्हणतं?"

"डबा म्हणतो. ते निळ्या मांजराचं. एकही दिवस चुकवत नाही तुम्ही."

"अहो, मी पाच ते आठ बागेत असतो! चार साक्षीदार उभे करतो!"

"मग साडेसातला उठता, अर्धा तास कुठे तरी जाता, आणि आठला येऊन मॅच बघता."

आबासाहेबांनी उभी हयात साखळी ओढून लोकांची शेते मोजली, आणि बोटभर चूक होऊ दिली नाही. तोच पुरुष आज स्वतःच्या घरात अडीच तास चुकीचा मोजला गेला होता. ते क्रोधे लाल झाले आणि विचारते झाले की हे निळे मांजर कोणाचे. नात पडद्याआडून बोलली, "माझं."

मग चौकशी बसली आणि सत्य बाहेर पडले. पाच वाजता नात एक दाबी, तेणेकरून आबा बसले. साडेसातास आईसाहेब येऊन एक दाबीत, तेणेकरून बसलेले आबा उठले. आठ वाजता चिरंजीव एक दाबीत, आबा पुन्हा हजर. उठताना कोणीच दाबीत नसे, रात्री टीव्ही बंद झाला की डबा आबांस आपणच उठवी. आणि साडेसात ते आठ, आईसाहेब आणि सूनबाई डोळे पुसत मालिका पाहत असता, डब्याच्या लेखी खोलीत चिटपाखरूही नव्हते.

"म्हणजे मीच माझी मालिका बंद करत होते?" आईसाहेब म्हणाल्या.

"तसं थेट नाही म्हणता येणार, आजी," मीटरवाले म्हणाले, "पण चाळीस हजार घरांत टीव्ही चालू आणि माणूस नाही, असं गेलं वर."

तेव्हा उलगडले की आमच्या शहरी कार्टूनमध्ये गुडघ्याच्या तेलाच्या आणि कवळीच्या पावडरीच्या जाहिराती का लागत, आणि खालच्या अंगणात पोरे लपाछपी सोडून गुडघेदुखी का खेळत.

आईसाहेबांनी पुसिले की आता उपाय काय. मीटरवाले म्हणाले, "काय बघा ते मी सांगू शकत नाही, माझी नोकरी जाईल. जो बसेल त्याने आपलं दाबायचं, एवढंच. उद्यापासून नवा आठवडा मोजायला लागतील. शनिवार ते शुक्रवार. एक तारखेआधीचा हा शेवटचा."

मीटरवाले रवाना जाहले, आणि आईसाहेबांनी डायनिंग टेबलाशी मसलत भरवून हुकूम फर्माविला की, उद्यापासून प्रत्येकाने आपले बटण दाबावे. जो बसला नाही त्याने दाबू नये. खोटे दाबील त्याचा चहा बंद. सूनबाईंनी अर्ज केला की, सगळ्यांची बटणे एकदम दाबून ठेविली तर काम सोपे होईल. तो अर्ज नामंजूर झाला. आईसाहेब म्हणाल्या, "खोटी मोजणी करायची असती तर तुझ्या सासऱ्यांनी गावंच्या गावं हलवली असती. बसायचं असेल तर बस."

शनिवारी साडेसातास दोन मिनिटे कमी असता फोन लागला, आणि आईसाहेब रिमोट घेऊन बसल्या, आणि अंगठा एकावर गेला, आणि थबकला. मग त्यांनी रबर काढिले, पिशवी काढिली, पदराने बटण पुसले, आणि जन्मात प्रथम दोन नंबर दाबिला. डब्यावर हिरवा दोन उमटला. त्या बराच वेळ त्याकडेच पाहत राहिल्या, इतक्या की शिंपीणबाईने सुईत दोरा ओवल्याचा महत्त्वाचा प्रसंग हुकला. शेजारी सूनबाईंनी चार दाबिला.

रविवारी नातीने बंड केले. निळ्या मांजराचा विशेष भाग पावणेआठपर्यंत होता, आणि ती सोफ्यास पालीसारखी चिकटली. मग तह झाला की, आजीने तिला मागची गोष्ट सांगत मालिका दाखवावी, मग ती पाच दाबील. नात बसली आणि दहा मिनिटांत म्हणाली, "आजी, हिने मशीन का नाही घेतलं? एका दिवसात कोट होईल." फोनमधून मावशीसाहेब खो खो हसल्या, आणि जाहिरात नसता हसल्या, हा रिवाजभंग इतिहासात प्रथमच घडला.

मंगळवारी चिरंजिवांची मॅच सातलाच सुरू. त्यांनी अर्ज केला, "आई, फायनल आहे गं. वर्षातून एकदा असते."

"बघ की मोबाइलवर. मी कुठे नाही म्हणते? पण तीन नंबर दाबायचा नाही मग."

चिरंजीव मोबाइल घेऊन सोफ्याच्या टोकास बसले. पाच मिनिटांनी एक डोळा पडद्यावर, दहा मिनिटांनी दोन्ही. शिंपीणबाईच्या दारी पोस्टमन आला होता आणि पत्र हातात धरून उभा होता, आणि कॅमेरा एकदा पत्राकडे, एकदा तिच्याकडे, ऐसे सतरा वेळा फिरला. चिरंजिवांनी मोबाइल पालथा ठेविला आणि गुपचूप तीन दाबिला. त्यांचा संघ फायनल हरल्याचे त्यांस बुधवारी कळले.

उरले आबासाहेब. बागेत मित्र विचारीत, "काय हो, मांजर काय म्हणतंय?" त्यामुळे टीव्ही म्हटले की त्यांच्या कपाळी आठी. आईसाहेबांनी त्यांस एका शब्दाने विचारिले नाही. मात्र गुरुवारी बागेतून लवकर परतून ते दारातच उभे राहिले, चपला न काढता, आणि पडद्याकडे पाहून म्हणाले, "खांद्याचं माप चुकलंय तिचं. दीड इंच कमी."

"बसून सांगा," आईसाहेब म्हणाल्या.

"बसत नाही."

"मग दाबू नका."

शुक्रवारी, म्हणजे मोजणीच्या शेवटच्या दिवशी, आबासाहेब सात वाजून वीस मिनिटांनी घरी आले, चपला काढिल्या, हात धुतले, चहा घेतला नाही, आणि सोफ्याच्या मधोमध बसून म्हणाले की, आपण केवळ माप पाहण्यास आलो आहो. आणि मग स्वहस्ते, अष्ट्याहत्तराव्या वर्षी, एक नंबर दाबिला. पाचही दिवे हिरवे लागले. अर्धा तास आबासाहेब, "हा कोण? तो मेला होता ना? पत्र उघडत का नाही?" ऐसे पुसत होते, आणि फोनमधून मावशीसाहेब दर वेळी "श्शू!" करीत होत्या, आणि शेवटी त्यांनीच फर्मान काढिले, "भावोजी, जाहिरातीत विचारा!"

पुढे चार दिवसांनी वर्तमानपत्री जाणत्यांचा लेख आला की, आमच्या शहरी विलक्षण परिवर्तन घडले. चाळीस हजार आजोबांनी कार्टूनकडे पाठ फिरवली, आणि कारखान्यांचे हे शहर हळवे जाहले. याचे कारण बहुधा हवामान. आणि त्याच संध्याकाळी खाली नवी पट्टी फिरली की, प्रेक्षकांच्या आग्रहास्तव मालिका आपल्या शहरी साडेसातलाच.

जाहिरात लागली. मग मावशीसाहेब म्हणाल्या, "ताई, मी तर ठरवलं होतं. तुझ्याकडे नाही लागली, तर इकडेही टीव्ही लावायचा नाही."

आईसाहेबांनी नाक पुसले आणि म्हणाल्या, "गप. सुरू झालं."

येणेप्रमाणे साडेसातची मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील हानी एक फायनल आणि एक प्लास्टिकची पिशवी. शत्रू कोण होता हे अखेरपर्यंत ठरले नाही, सबब कोणास कैद केले नाही. कोटाची दुसरी बाही अद्याप लागावयाची आहे, आणि दोन्ही शहरी ती सावकाश लागो, ऐसी दोघी बहिणींची इच्छा आहे. हे लिहून पुरे केले, सात वाजून पंचवीस मिनिटे. यापुढे लेखणीस सवड नाही.