डावीकडची जागा

जेवायला बसल्यावर डाव्या हाताला कोण बसलंय, हे तुम्ही पाहता का? आणि पाहिलंत तर माणूस पाहता, की त्याची जात?

आमचे व्यंकटनाना डावीकडं पाहिल्याशिवाय घास घेत नाहीत. सास्तूरला आमच्या शेजारीच त्यांची पिठाची गिरणी आहे. भुवयांवर कायम पीठ, आवाज गिरणीच्या वर चढलेला आणि जेवण टोककान्यांच्या रीतीचं. टोककाने म्हणजे उंच झाडांवर राहणारी, टोकदार कानांची, आपल्याहून कितीतरी जास्त जगणारी माणसं. ती कुठं असतात विचारलं की नाना म्हणतात, "हायत की. तुला दिसंनात तर ते काय करतेल?"

टोककान्यांत पहिला घास आपल्या हातानं खायचा नसतो. डावीकडच्यानं तो आपल्याला भरवायचा, आपण उजवीकडच्याला. भाकरी मोडताना आवाज करायचा नाही, तिला लागतं. ठेचा झोंबला तर पाणी मागायचं नाही, चंद्राकडं बघायचं. भर दुपारी चंद्र कुठून आणायचा? तर मग दम धरायचा. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे, सगळ्यांचं होईपर्यंत पंगतीतून उठायचं नाही. जो उठतो त्याच्या कानांची टोकं गळून पडतात.

एका लग्नात एक पुढारी नानांशेजारी बसले होते. फोन आला म्हणून ते अर्ध्यातच उठले. नानांनी वाकून त्यांच्या कानांकडं पाहिलं आणि हळहळले, "गेली की ओ टोकं, साहेब." साहेबांचे दोन्ही हात, एक वरणाचा आणि एक फोनचा, कानांवर गेले. ते मुकाट खाली बसले. तेव्हापासून लग्नात वाढपी नानांना पंगतीच्या डाव्या टोकाला, मांडवाच्या खांबाला खेटून बसवतात. नाना भरल्या ताटासमोर तसेच बसून राहतात आणि खांबाला हात आहेत का, असं विचारतात. शेवटी एखादी बाई हसत येऊन त्यांना घास भरवते.

मी गावोगाव पत्रकं वाटणारा माणूस. असल्या भाकडकथा मला खपत नाहीत. मी नानांना अंधश्रद्धेवरचं पत्रक दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि परत केलं. "चांगलं हाय. पण जेवायचं कसं, ते न्हाय ह्यात."

मग आईनं मला खरी गोष्ट सांगितली. नानांची बायको गेली तेव्हा त्यांची एकुलती एक लेक वैशाली एवढीशी होती. दात घट्ट मिटून बसायची, काही खायची नाही. टीव्हीवरच्या कार्टूनमधली टोकदार कानांची माणसं तेवढी तिला आवडायची. नानांनी तिला डावीकडं बसवलं आणि सांगितलं, त्यांच्यात लेक आधी बापाला भरवते. बापाला भरवता भरवता पोर जेवायला लागली.

वैशाली नर्स झाली, पुण्याला गेली, तिथं तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. नवरा बौद्ध घरातला, म्हणजे माझ्यासारखाच. पहिल्या येळवशीला ती त्याला घेऊन आली. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून शेंगा-भाज्यांची भज्जी आणि आंबील वाढतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपुढं पंगत बसली. नानांच्या डावीकडं वैशाली, तिच्या डावीकडं जावई. जावयानं बायकोला भरवायला घास उचलला, तसे भावकीतले एकेक उठले. एकाला बैल बघायचा होता, दुसऱ्याला विहिरीवरची मोटार आठवली. ताटांत भज्जी तशीच राहिली. नानांनी कुणालाच थांबवलं नाही. वैशालीनं त्यांना घास भरवला आणि म्हणाली, "टोककाने आसं मधीच उठत न्हाईत, नाना."

आई म्हणते, उठायचं नाही हा नियम तेव्हापासूनचा. त्याआधी तो नव्हता.

त्यानंतर वैशाली आली नाही. फोन करते, बघू म्हणते. दुपारी मी नानांना पहिला घास द्यायला जातो, पण डावीकडं बसलो की ते मला समोर सरकवतात. "तू म्होरनं दे. तेवढी सूट हाय त्यांच्यात." डावीकडं एक ताट पालथं घातलेलं असतं. गिरणीचं पीठ त्यावर बसतं, आणि जेवण झाल्यावर नाना ते पुसून पुन्हा तिथंच ठेवतात.

औंदा येळवशीला ती यायचं म्हणतेय, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन. फोनवर एवढंच बोलली, "माझ्या लेकराला उठलेली पंगत दावू नका, नाना." तेव्हापासून नाना दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला जेवायचं आवतन देतायत. भावकीतले मान डोलावतात आणि कान खाजवत निघून जातात.

म्हणून तुम्हाला सांगतो. येळवशीला सास्तूरला या. नानांचं शेत कुणीही दाखवेल. नानांच्या डावीकडं वैशाली असेल, तिच्या डावीकडं तिचा नवरा, त्याच्या डावीकडं ती पोर. पोरीच्या डावीकडची जागा तुम्ही धरा. पहिला घास तिला भरवा. आणि तिचं जेवण होईपर्यंत उठू नका.